माळाच्या पाणंदीच्या दोन्ही अंगांच्या बांधकऱ्यांना खुले पत्र

सरपंच वहिनी, ग्रामपंचायतीचे सगळे सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी साहेब, आणि माळाच्या पाणंदीला ज्यांचा ज्यांचा बांध लागतो ते आबा, तात्या, अण्णा, भावजी, जाऊबाई,

सगळ्यांना नमस्कार.

१ मेच्या ग्रामसभेत मी माळाच्या पाणंदीबद्दल, म्हणजे शेतांमधनं माळाला जाणाऱ्या आणि वर्षागणिक अरुंद होत चाललेल्या वाटेबद्दल बोलायला हात वर केला होता. पहिल्यांदा केला तेव्हा घरकुलाची यादी चालली होती. दुसऱ्यांदा केला तेव्हा जत्रेच्या वर्गणीवरनं दोन मंडळांची जुंपली होती. तिसऱ्यांदा हात वर जाईपर्यंत आभार मानून झाले आणि चहा आला. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, पाणंदीचं पुढच्या सभेत घेऊया की." पुढची सभा १५ ऑगस्टला. तोवर निम्मा पावसाळा झालेला असणार, पाणंदीत गुडघाभर चिखल आणि दोन्ही अंगांना डोक्याच्या वर ऊस. त्या वेळी कोण कशाला मोजायला येतंय?

म्हणून लिहितेय. लिहिताना निदान "वहिनी, थोडक्यात बोला" असं मधेच कुणी म्हणत नाही. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा व्हायला लागते असा नियम आहे. आपल्याकडं ती होते, पण रजिस्टरात. सही घ्यायला रजिस्टर घरी येतं, तेव्हा माझे हात पिठात असतात.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भोगावती नदीच्या काठावर कुठंही जा, हे असंच चाललंय. आणि सरपंच वहिनी, एक आधीच सांगते. पत्र तुम्हाला लिहिलंय, भावजींना, म्हणजे तुमच्या मालकांना, नाही. उत्तरही तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

माळाची पाणंद म्हणजे तालमीच्या मागनं निघून ओढ्याची मोरी ओलांडून, दोन वळणं घेऊन माळावरच्या वस्तीला जाते ती. लांबी दीड किलोमीटरला थोडी कमी असेल. गाव नदीकडं उतरत गेलेलं, माळ वर. खालनं वर जायला गाडीची वाट ही एकच. दुसरी वाट मोठ्या रस्त्यानं वळसा घालून, तीही पुराच्या पाण्यात गावाच्या आधी जाते.

या पाणंदीवर दिवस कसा उजाडतो ते सदस्य मंडळींनी एकदा बघावं. पहाटे पाचला वस्तीवरचे लोक मोटरसायकलला कॅन अडकवून डेअरीला दूध घालायला येतात. साडेपाचला आम्ही शुगरवाल्या आणि बीपीवाल्या बायका निघतो. माझी शुगर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चालायचं. मी विचारलं, डोक्यावर भारा घेऊन चालते ते धरायचं का? ते हसले, पण उत्तर दिलं नाही. साताला वैरणीची वेळ. साडेनवाला वस्तीवरची पोरं शाळेला येतात. मग भांगलणीच्या बायका, खुरपं आणि डब्याची पिशवी घेऊन. दिवस कलला की म्हशी परततात. रात्री मोटारीची पाळी असली की बॅटरी घेऊन बाप्ये निघतात. चैत्रात जोतिबाची सासनकाठी घेऊन पोरं पायी निघतात तीही इथनंच. काठी उभी धरून चारी बाजूंनी दोर ताणून चालायचं म्हटल्यावर किती रुंदी लागते ते काठी धरणाऱ्याला विचारा. गेली दोन-तीन वर्षं मोरीपासनं पुढं काठी आडवी करून नेतात. देवाची काठी आडवी! आणि यावर कुठल्या मंडळाच्या भावना दुखावल्याचं मी ऐकलं नाही.

गावात पुरुषांना बसायला पार आहे, तालीम आहे, डेअरीचा कट्टा आहे, पतसंस्थेच्या पायऱ्या आहेत. बाईला घराबाहेर मोकळ्या हवेत विनाकारण चालता येईल अशी जागा ही पाणंद एकच. कामाचं निमित्त असलं तर कुठंही जाता येतं म्हणा. निमित्त नसताना जायची जागा म्हणतेय मी.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघी बायकांनी पाणंद मोजली. मोजणीची फी भरायची कुणी म्हणून नव्हे. ती पुढं भरायलाच लागेल. पण आधी आपल्याला तरी कळावं. लांब टेप कुणाकडं नव्हती, शिलाईची होती. तेव्हा माझी एक जुनी साडी घेतली, अंगणात पसरली, शिलाईच्या टेपनं मोजून काठावर दर फुटाला पेनानं खूण केली. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे अठरा फुटांची.

आता जुन्या माणसांचा हिशोब तरुण सदस्यांसाठी सांगते, कारण तो मला मामंजींनी शिकवला. जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचेही सोळा आणे. लांबीला एक साखळी आणि रुंदीला एक साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट, चार आणे म्हणजे सव्वाआठ. गावनकाशावर दोन तुटक रेषा असतील तर ती गाडीवाट, आठ आण्यांची. एकच तुटक रेघ असेल तर पाऊलवाट, चार आण्यांची. आपल्या माळाच्या पाणंदीला नकाशात तालमीपासनं माळापर्यंत दोन रेषा आहेत. नक्कल माझ्याकडं आहे, कुणीही येऊन बघावी.

म्हणजे साडी आडवी धरली तर दोन्ही बांधांना टेकून दीड फूट पदर हातात उरायला पाहिजे. तालमीमागं जवळजवळ तसंच झालं, आम्हाला हुरूप आला. मोरीपाशी चौदा फूट भरले. पहिल्या वळणावर अकरा. पुढं नऊ. साडी निम्मी गुंडाळून हातात घ्यावी लागली. दुसऱ्या वळणाच्या अलीकडं सगळ्यांत अरुंद जागा लागली तिथं मी काठावरची खूण दोनदा वाचली. साडेसहा फूट. आठ आण्यांची गाडीवाट चार आण्यांची पाऊलवाटसुद्धा राहिली नाही.

त्या साडेसहा फुटांच्या एका अंगाला जो बांध आहे तो आमचा आहे.

बरोबरच्या दोघी काही बोलल्या नाहीत. मीच म्हटलं, लिहा. वहीत लिहिलं.

घरी आल्यावर मालकांना विचारलं. ते म्हणाले, "मी कधी सरकवला न्हाई." खरंच असेल. त्यांनी सरकवला नाही, मामंजींनी सरकवला नाही, ट्रॅक्टरवाल्यानं सरकवला नाही. नांगर कडेनं घालताना बांध वीतभर खरवडला गेला, दोन वर्षांनी तिथं रोटावेटर फिरला, भरणी करताना माती आत ओढली, मग एका लावणीला सरी बसवताना कडेला जागा उरली होती ती वाया कशाला घालवायची म्हणून एक सरी जास्त बसली. साडेचार फुटी सरी. समोरच्या तात्यांनी आमची सरी बघितली आणि पुढच्या साली त्यांचीही एक बसली. साडेसोळातनं पाच आमचे गेले, पाच त्यांचे. मी १९९४ ला या घरात आले तेव्हा याच जागी दोन बैलगाड्या एकमेकींना वाट देत होत्या. माझी वरात त्याच वाटेनं आली, देवाला जाऊन.

भांडण नाही, मारामारी नाही, कोर्ट नाही. इतक्या गोडीगुलाबीनं आपण गावाची वाट खाल्ली.

२०१९ चा ऑगस्ट कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं दुसरीतल्या पोराला पाठ आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. लोक म्हणाले, शंभर वर्षांत एकदाच होतं असलं. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा ५५ च्या वर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे एकामागनं एक उघडायला लागले की आपण आधी काय बघतो? कपडे-भांडी नाही. दावणीची जनावरं.

२१ साली रात्री दोनला आमच्या गल्लीत पाणी शिरलं. सगळ्यांनी एकदमच जनावरं सोडली. नदीकडच्या तीन गल्ल्यांतल्या म्हशी, गाया, बैल, शेरडं सगळी माळाकडं निघाली, तीही या पाणंदीतनं. दुसऱ्या वळणापाशी, म्हणजे आमच्याच बांधापाशी, दोन म्हशी शेजारी शेजारी चालू शकत नव्हत्या. मागनं कुणाचा तरी ट्रॅक्टर, ट्रॉलीत म्हाताऱ्या, धान्याची पोती, गॅसची टाकी. ट्रॉलीचं चाक आमच्या सरीत उतरलं आणि रुतलं. पुढं वाट बंद, मागं पाणी. अंधार, पाऊस, म्हशी बुजलेल्या. पोरांनी बॅटऱ्या धरल्या, बाप्यांनी ऊस तोडून तोडून चाकाखाली घातला. दीड किलोमीटरच्या वाटेला तीन तास लागले. माणूस कुणी गेलं नाही, देवाची कृपा. शेजारच्या आक्कांच्या रेडकाचा पाय तुडवणीत मोडला. ते पुढं जगलं नाही.

दुसऱ्या दिवशी माळावर शाळेच्या व्हरांड्यात बसून सगळे धरणाच्या विसर्गावर बोलत होते. कर्नाटकातल्या अलमट्टीवर बोलत होते. सरकारवर बोलत होते. बोलायला पाहिजेच. पण आमच्या सरीवर कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. तात्या समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी चुलीकडं बघितलं.

ऊसतोडीचं तर तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. डबल ट्रॉली आत येत नाही म्हटल्यावर तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय आपला प्लॉट मागं टाकतो. तोड लांबते, उसाला तुरा येतो, वजन घटतं. शेवटी टोळी आली तर मोळ्या डोक्यावरनं मोठ्या रस्त्यापर्यंत काढायच्या, त्याचे वेगळे पैसे. वर टोळीची खुशाली, म्हणजे खुशीच्या नावाखाली द्यायचे पैसे, आहेच, ती काय चुकत नाही.

मी हिशोब केला. आमच्या बांधाची लांबी २२० फूट. आम्ही आत घेतलेले पाच फूट. ११०० चौरस फूट झाले, म्हणजे एक गुंठा आणि वर चिमूटभर. एकरी ४० टन धरा, गुंठ्याला एक टन पडतो. टनाला तीन हजाराच्या वर दर मिळाला तरी वर्षाला तीन-साडेतीन हजारांची आमची कमाई. त्यातनं खत, पाणी, बेणं वजा करायचं. गेल्या हंगामात ऊस बाहेर काढायला आम्ही टोळीला वरनं दिले ते याहून जास्त होते. मालकांना हा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला आणि म्हणाले, "म्हंजे आपण आपल्याच पैशानं आपलीच वाट अडवलीया." पहिल्यांदाच एखाद्या हिशोबात आमचं दोघांचं जमलं.

पण पैशाचं एक वेळ सोडा. पोरांचं सांगते.

आपल्या गावातनं दर वर्षी किती पोरं-पोरी पोलीस भरतीला, सैन्यभरतीला पळतात ते तुम्ही फ्लेक्सवर बघता. निवड झाली की फ्लेक्स लागतो, त्यावर सगळ्या सदस्यांचे फोटो असतात. ती पळतात कुठं ते कुणी बघितलं का? पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. तालमीपासनं माळापर्यंत जाऊन थोडं मागं आलं की १६०० भरतात. पूर्वीची पोरं पाणंदीतच पळायची. मऊ माती, चढ, दोन्ही बाजूला झाडं. आता दोन्ही अंगांचा ऊस वाटेवर आलेला, पाल्यानं हात-तोंड चिरतंय, पायाखाली दिसत नाही, घोणशीची भीती. म्हणून ती पहाटे पाचला मोठ्या रस्त्यावर पळतात. हंगामात त्याच रस्त्यानं कारखान्याला ट्रॉल्या जातात. मागं लाल दिवा नाही, बाहेर आलेला ऊस हातभर, आणि टेपचा आवाज इतका की मागनं हॉर्न दिलेला ड्रायव्हरला ऐकू येत नाही. गेल्या हंगामात आपल्याच गल्लीतल्या एका पोराच्या खांद्याला ट्रॉलीतला ऊस लागला, पोरगं चरीत पडलं, हात मोडला. त्या साली त्याची भरती चुकली. यंदा त्याचं वय बसतंय, पुढच्या साली बसणार नाही.

पोरींचं तर बंदच झालंय. घरचे म्हणतात रस्त्यावर नको, पाणंदीत नको. मग कुठं? स्लॅबवर?

आणि तालमीमागच्या तोंडाला जो ढीग साठतोय त्याबद्दल दोन शब्द. आमच्या लहानपणी, माझ्या माहेरीसुद्धा, "पाणंदीला जाऊन येते" याचा अर्थ वेगळा होता, तो इथं सांगायला नको. संडास झाले, पहाटे गुड मॉर्निंग पथकं फिरली, तांब्या घेऊन निघालेल्या माणसांचे फोटो निघाले, गावाला हागणदारीमुक्तीची पाटी लागली. बरं झालं, सगळ्यांत जास्त आमचंच बरं झालं. पण घाण गेली असं म्हणता का? तिथंच आता चिकनच्या गाड्यांची पिसं आणि आतडी पडतात, लहान पोरांची डायपर पडतात, तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या पडतात. पिसांना कुत्री लागलीत. पहाटे काठी घेतल्याशिवाय आम्ही मोरी ओलांडत नाही. पूर्वीची घाण चार दिवसांत माती व्हायची हो. ही कधी व्हायची?

घंटागाडी तालमीच्या पुढनं जाते, मागं जात नाही. विचारलं तर ट्रॅक्टर वळत नाही म्हणतात. वळणार कुठनं, जागा कुठं राहिलीय.

आता मागणी काय ते सांगते.

मुरूम टाका अशी माझी मागणी नाही. चकित होऊ नका. पाणंद म्हटलं की आपल्याकडं एकच विषय निघतो, निधी कुठनं आणायचा. मातोश्रींच्या नावाची शेत-पाणंद रस्त्याची योजना २०२१ साली आली, तिला रोजगार हमीची जोड होती, आणखीही काही ना काही येत राहतं. निधी येईलही. पण मागं एकदा मुरूम आला होता, आठवतंय? तेव्हा काय झालं? वाट जेवढी उरली होती तेवढ्यावरच टाकला, आठ-नऊ फुटांत. आणि मुरूम जेवढ्यावर पडला तेवढीच पाणंद, असं सगळ्यांच्या मनात पक्कं झालं. आमचे पाच फूट त्या दिवशी खरे आमचे झाले. आता पुन्हा मोजल्याशिवाय मुरूम टाकलात, किंवा देव न करो काँक्रीट ओतलंत, तर साडेसहा फूट कायमचे होतील आणि त्याचं उद्घाटनही होईल.

म्हणून आधी मोजणी. नकाशाप्रमाणे दोन्ही कडा काढायच्या, कडेला दगड पुरायचे, त्याला चुना मारायचा. त्यानंतर एक पावसाळा नुसतं बघायचं की दगड जागेवर राहतात का. राहिले तर मग मुरूमाचं बोला. काँक्रीटला माझा विरोध आहे हे आत्ताच नोंदवून ठेवा. आपली जमीन काळी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर पातळ काँक्रीट किती टिकतं ते शाळेपुढं बघा. शिवाय ओल्या काँक्रीटवर म्हशीचा पाय घसरतो. माळाचाच मुरूम, मधे थोडा उंचवटा, एका अंगाला पाण्याची चर, आणि मोरीचा पाइप मोठा, एवढं केलंत तरी दहा वर्षं कुणाचं नाव निघणार नाही.

झाडांचंही बोलून ठेवते. पाणंदीत आता उंबर एक, करंज चार, बाभळी मोजल्या नाहीत. दुसऱ्या वळणावरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात, खाली गवतात भारद्वाज फिरतो. रुंदीकरण म्हटलं की आपल्याकडं आधी कुऱ्हाड निघते. झाड वाटेच्या कडेला येत असेल तर दगड झाडाच्या पलीकडं पुरा. जनावरांना दुपारी थांबायला सावली तीच आहे. मलाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण सभेत कुणीतरी "कोर्टात जावा" म्हणणारच. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ सालचा आहे, त्याच्या पाचव्या कलमानं अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. पण अडवल्यापासनं सहा महिन्यांत दाद मागायला लागते. आपल्या पाणंदीची अडवल्याची तारीख कुठली सांगू? कधी बोटभर, कधी वीतभर, असं तीस वर्षं. आणि दावा लावायचा कुणावर, स्वतःवर? २०२५ साली शासनानं शेतरस्ते तीन-चार मीटर रुंद धरून सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्यांची नोंद घ्यायचं ठरवलंय. ही नोंद आपल्या पाणंदीची झाली पाहिजे, एवढा ठराव ग्रामसभेनं करावा. मग पुढच्या पिढीला साडी घेऊन फिरायला नको.

तीन-चार मीटर म्हणजे दहा ते तेरा फूट. कुणीतरी लगेच म्हणेल, बारा फूट बास की, साडेसोळा कशाला. खरं सांगायचं तर बारा मिळाले तरी मी मारुतीला नारळ फोडीन. पण सभेत मी साडेसोळाच म्हणणार आहे. आपल्या गावात घासाघीस कशी होते ते मला माहीत आहे.

"आमचं क्षेत्र कमी होतंय" म्हणणाऱ्यांनी आपापल्या सातबाऱ्यावरचा पोटखराब्याचा, म्हणजे पिकाखाली न येणाऱ्या जमिनीचा, रकाना बघावा. वाटेखालची जमीन तिथं धरलेली सापडेल बऱ्याच जणांना. तिचा सारा आपण भरलेला नाही. ती आपली होती कधी?

तात्या, तुमच्याशी वेगळं बोलायला पाहिजे होतं, आधी. दोनदा घरी येऊन परत गेले, तुम्ही शेतात होता. तुमची बाजू मला माहीत आहे. तुमची जमीन थोडी, दोन्ही पोरांत वाटणी झालेली, एकेक सरी मोलाची. आमचं तसं नाही, आमच्याकडं खाली नदीकाठाला मळीची जमीन आहे. म्हणून पहिल्यांदा आम्ही मागं सरतोय. तुम्ही यंदाच सरा असं मी म्हणत नाही. यंदा तुमचा खोडवा आहे, तो तुटून जाऊ दे. पुढच्या लावणीला सरी बसवताना मात्र मला हाक मारा. आणि राग आला असेल तर मला बोला, मालकांना नको. त्यांना यातलं निम्मंच पटलंय.

येत्या रविवारी सकाळी सातला आमचा बांध पाच फूट मागं घेतोय. वळवाचे दोन पाऊस झालेत, माती मऊ आहे, मिरगाच्या आत काम उरकेल. ट्रॅक्टर सांगितलाय. दोन माणसं टिकाव-फावडं घेऊन येणार आहेत. ज्यांना बघायचं असेल त्यांनी या, ज्यांना हसायचं असेल त्यांनीही या. सरपंच वहिनी, तुम्ही आलात तर साडीचं एक टोक तुमच्या हातात देईन, म्हणजे मोजमाप खोटं होतं असं कुणी म्हणायला नको. ग्रामपंचायत अधिकारी साहेबांनी येताना नकाशा आणावा, नसला तर माझ्याकडची नक्कल आहेच. भरतीच्या पोरांना मी सांगितलंय, ती पळत येतील.

चहा आमच्याकडं. सगळ्यांचा बिनसाखरेचा करणार, माझ्यामुळं.

आपली,
माळाच्या पाणंदीची एक बांधकरीण

ता. क. मोजणीच्या दिवशी आम्ही साडेसहा फुटांच्या जागी खूण म्हणून एक खुंटी ठोकली होती. ती तिसऱ्याच दिवशी कुणीतरी उपटून नेली. बाभळीची होती, चांगली वाळलेली. खुरप्याची मूठ छान होईल तिची. करा. मी दुसरी ठोकलीय.